प्रयोगशाळेचा नवा फ्रीज : बटन दाबण्यापूर्वी आणि दाबल्यानंतर

गेल्या काही वर्षांत आपल्या भागातील बरीच मुले-मुली डी.एम.एल.टी.चा कोर्स करून रक्त-लघवी तपासणीच्या कामात उतरली आहेत. कोणी बी.फार्म. होऊन औषधाचे दुकान घालतो. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मासळी-प्रक्रियेचे कारखाने आहेत, तेथील तपासणीच्या खोल्यांतही आपली मुले काम करतात. या सर्व ठिकाणी एक वस्तू हटकून लागते, ती म्हणजे फ्रीज. आणि तोच फ्रीज सर्वांत निष्काळजीपणे बसवला जातो, असा आमचा तजुर्बा आहे.

वाचक विचारतील, कापडवाल्याचा आणि प्रयोगशाळेच्या फ्रीजचा संबंध काय? संबंध आला तो नुकसानीतून. तेव्हा ती हकीकत प्रथम सांगतो.

आमच्या दुकानाला लागून एक गाळा आहे. आमच्या थोरल्या बहिणीच्या मुलाने २०२२ साली तेथे एका पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रयोगशाळा सुरू केली. भांडवलात आमचा वाटा होता, म्हणून फ्रीज आणण्याचे काम आम्ही हौसेने अंगावर घेतले. माल भरायला कोल्हापूरला गेलो होतो, तेथेच एक घरगुती एकदारी फ्रीज घेतला. टेम्पोत कापडाच्या गाठी होत्या, उभे करायला जागा नव्हती, म्हणून फ्रीज गाठींवर आडवा टाकला आणि आंबा घाट उतरून रत्नागिरीला आणला. हमालांनी भिंतीला चिकटवून उभा केला. दुकानातील एका एक्स्टेन्शन बोर्डावर पंखा आणि पिकोच्या मशीनची मोटर चालत होती, त्यातच फ्रीजची पिन खोचली. लवकर थंड व्हावा म्हणून आतली चकती शेवटच्या आकड्यावर फिरवली. दोन तासांनी आत हात घातला, गार लागला. झाले! त्याच संध्याकाळी भाच्याने सर्व किट आत रचले.

चौथ्या दिवशी सकाळी तो आमच्या गादीपाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "मामू, निगेटिव्हमध्येपण दाणे दिसतायत."

त्याचा अर्थ आम्हाला तेव्हा कळला नाही. आता सांगतो. संधिवाताची आर.ए. आणि सुजेची सी.आर.पी. या तपासण्यांच्या एका साध्या प्रकारात दुधासारखे लॅटेक्सचे द्रावण वापरतात. रोग्याच्या रक्तातील पाण्याचा, म्हणजे सीरमचा, थेंब त्यात मिसळला आणि दाणे धरले तर तपासणी पॉझिटिव्ह, दूध तसेच गुळगुळीत राहिले तर निगेटिव्ह. किटसोबत दोन छोट्या बाटल्या मिळतात, एक नक्की दाणे धरणारी आणि एक कधीही न धरणारी. त्यांना कंट्रोल म्हणतात. मागच्या पत्र्याला टेकलेले आमचे किट रात्री गोठले होते आणि दार उघड-बंद होताना पुन्हा विरघळले होते. एकदा गोठलेले लॅटेक्स आपोआप दाणे धरते. बाटली बाहेरून जशीच्या तशी दिसते. त्या किटवर जो कोणी येईल त्याला संधिवाताचा रिपोर्ट मिळाला असता.

आणि दोघांना मिळालाही होता. आदल्या दिवशी गर्दी असल्याने कंट्रोल न लावताच दोन तपासण्या झाल्या होत्या. भाच्याने लगेच डॉक्टरांना सांगितले, दोन्ही रोग्यांना पुन्हा बोलावले, नवे किट आणून पैसे न घेता तपासले. एकाचा रिपोर्ट बदलला. तो मनुष्य औषध आणायला निघालाच होता. किटचे सुमारे अठरा हजार रुपये गेले, त्याचे दुःख होतेच. पण कापडात डाग निघाला तर आपण थान परत घेतो, येथे परत काय घेणार? दुसऱ्याचे रक्त ही अमानत आहे, हे आम्हाला त्या दिवशी नीट समजले.

फ्रीजनेही सूड घेतला. अडीच महिन्यांनी कॉम्प्रेसर जाम झाला. आडवा आणल्यामुळे की कमी व्होल्टेजमुळे, हे मिस्त्रीला सांगता येईना. दोन्ही कारणे आम्हीच पुरवलेली होती.

त्यानंतर प्रयोगशाळेसाठी बनवलेला, पंख्याने आतली हवा फिरवणारा, बाहेर तापमानाचा आकडा दाखवणारा आणि बिघाड झाल्यास भोंगा वाजवणारा फ्रीज घेतला. तो बसवताना आम्ही एक वही केली. हा पाठ त्या वहीतला आहे. घरगुती फ्रीजवर काम भागवणारे बांधव पुष्कळ आहेत, त्यांनाही यातील बहुतेक गोष्टी लागू पडतील. मात्र घरगुती फ्रीजमध्ये वर, खाली आणि दारात तापमान बरेच वेगळे असते, आणि दारातील कप्पे किटसाठी बिलकूल उपयोगाचे नाहीत, एवढे लक्षात ठेवावे.

प्रथम पाटी वाचावी

प्रत्येक फ्रीजच्या मागे किंवा आत बाजूला धातूची वा कागदाची पाटी असते. आपण कापड घेताना किनारीवरचा छाप वाचतो, तशी ही पाटी पैसे देण्यापूर्वी वाचावी. तिच्यावर हवामानाचा वर्ग दिलेला असतो. 'एन' वर्गाचे यंत्र खोलीत १६ ते ३२ अंश सेल्सिअस असेपर्यंत नीट चालते, 'एसटी' ३८ पर्यंत, 'टी' ४३ पर्यंत. आमच्या रत्नागिरीत समुद्रामुळे पारा एकदम चढत नाही, पण पत्र्याच्या छपराखालील गाळ्यात मे महिन्याच्या दुपारी काय होते ते आपण जाणताच. 'टी' वर्गाचेच यंत्र घ्यावे.

पाटीवर आणखी एक गोष्ट असते, आत भरलेल्या गॅसचे नाव. येथे आमच्या फ्रीज-मिस्त्री बांधवांशी थोडे बोलायचे आहे. ज्यांनी १९९० च्या आधी-नंतर काम शिकले, त्यांचा हात आर-१२ या गॅसवर बसलेला आहे. तो गॅस पेट घेत नसे. परंतु आकाशातील ओझोनच्या थराला तो खातो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार जगभर बंद होत गेला, भारतात २०१० पासून बंद झाला. त्याच्या जागी आर-१३४ए आला आणि आता पुष्कळ फ्रीजमध्ये आर-६००ए असतो. हा आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊबंद. तो पेटतो. फ्रीजमध्ये तो थोडाच असतो, घरगुती यंत्रात दीडशे ग्रॅमच्या आत. पण बंद खोलीत नळी फुटली तर एका ठिणगीला तेवढा पुरतो. हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. म्हणून पाटीवर आर-६००ए असेल तर गॅस पूर्ण काढल्याशिवाय आणि नळ्या नायट्रोजनने धुतल्याशिवाय त्या फ्रीजजवळ ब्रेझिंगची ज्योत न्यायची नाही. एका गॅसच्या जागी दुसरा भरायचा नाही, कॉम्प्रेसर आणि त्यातले तेल त्या त्या गॅसचे असते. मालकाने काय करावे? बर्फ सुरीने खरवडू नये, आणि गळतीचा संशय आला तर दारे-खिडक्या उघडून बाहेर जावे, खटका चालू किंवा बंद करत बसू नये.

जागा

जागेबद्दल थोडक्यात. ऊन थेट पडणार नाही, स्टरिलायझर किंवा गॅसची शेगडी शेजारी नसेल, अशी जागा हवी. मागे आणि बाजूला किती मोकळे ठेवायचे ते कंपनीच्या पुस्तिकेत असते, सापडले नाही तर मागे निदान चार बोटे नव्हे, एक वीत सोडावी. जमीन सपाट हवी. गवंड्याची पाणसळ ठेवून पाय फिरवून घ्यावेत. दाराचे रबर तपासायला दहाची नोट दारात अडकवून ओढावी, चारी बाजूंनी ती अडकली पाहिजे. खोक्यातील चिकटपट्ट्या, थर्माकोलचे तुकडे, कप्प्यांखालच्या पट्ट्या, सर्व काढावे. आमच्या नव्या यंत्रात पंख्याच्या तोंडाशी फोमचा तुकडा राहून गेला होता, तो भाच्याच्या धाकट्या बहिणीला दिसला.

चिपळूणच्या बांधवांना एक वेगळी सूचना. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले तेव्हा तळमजल्यावरचे एकही यंत्र वाचले नाही, असे तेथील अनेक दुकानदार सांगतात. पुराच्या जागी फ्रीज वरच्या मजल्यावर ठेवावा. जे यंत्र पाण्यात उभे राहिले ते वरून कोरडे झाले म्हणून चालू करू नये.

वीज : येथे घाई करू नये

आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. विजेच्या प्रवाहाला तेथे 'बर्की रौ' म्हणत. परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरलो. फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग यांचा खरा अर्थ आम्हाला पन्नाशी ओलांडल्यावर एका म्हाताऱ्या वायरमनने शिकवला, तो जसाच्या तसा पुढे देतो.

यंत्र येण्यापूर्वी दोन दिवस त्याने आमच्या हातात मल्टिमीटर दिला आणि म्हणाला, "शेठ, सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर आणि रात्री उठाल तेव्हा व्होल्टेज लिहून ठेवा." आपल्याकडे गाळ्याला २३० व्होल्ट मिळावेत आणि त्यात सहा टक्के कमी-जास्त चालते असा नियम आहे, म्हणजे २१६ ते २४४. आम्हाला सकाळी २३५ मिळाले, संध्याकाळी साडेसातला २०५ आणि मध्यरात्रीनंतर २५०. एका दिवसात एवढा फरक! फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होताना चालू स्थितीच्या कित्येक पट करंट ओढतो. त्या क्षणी व्होल्टेज कमी असेल तर मोटर फिरत नाही, नुसती गुरगुरते आणि तापते. आमचा पहिला कॉम्प्रेसर बहुधा असाच भाजला.

यावर उपाय स्टॅबिलायझर. परंतु तो घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, वीज गेली आणि लगेच आली तर तो तीन ते पाच मिनिटे थांबूनच पुढे सोडणारा हवा, कारण बंद पडलेल्या कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचा दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो. दोन, व्होल्टेज फार वाढले तर लाइन तोडणारा हवा. काही नव्या फ्रीजमध्ये ही सोय आतच असते, ते पुस्तिकेत पाहून घ्यावे आणि मगच खर्च करावा.

व्होल्टेज फार वाढते म्हणजे किती? बाजारातील बहुतेक इमारतींना तीन फेजची लाइन येते आणि न्यूट्रल सर्वांचा एकच असतो. तो खाऱ्या हवेने गंजून किंवा सैल होऊन सुटला तर दोन फेजमधील ४०० व्होल्ट गाळ्यागाळ्यांत वाटेल तसे वाटले जातात. ज्या फेजवर जास्त पंखे-दिवे चालू असतील तेथे व्होल्टेज शंभराकडे येते, आणि जेथे एखादाच दिवा असेल तेथे तीनशेच्या वर जाते. आमच्या इमारतीत एका पावसाळ्यात असे झाले. शेजारच्या टेलरचे दिवे मिणमिणू लागले आणि आमचे एकदम पांढरे झगझगीत झाले, पंखा भिरभिरू लागला. अशी खूण दिसली की विचार न करता मेन स्विच पाडावा. पावसाळ्याच्या तोंडावर वायरमनकडून न्यूट्रलचे जोड साफ करून आवळून घ्यावेत; ही अर्ध्या तासाची मजुरी आहे.

फ्रीजला स्वतंत्र लाइन हवी. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा सॉकेट आणि त्याचा स्वतःचा एमसीबी. एक्स्टेन्शन बोर्ड, मल्टिप्लग, पिन बसत नाही म्हणून अर्थची जाड पिन कापणे, हे सर्व बंद. आम्ही स्वतः हे तिन्ही गुन्हे केलेले आहेत. झटका लागल्यास ३० मिलिअँपिअरवर लाइन तोडणारा आरसीसीबी जरूर बसवावा. पण साऱ्या गाळ्याला एकच असेल तर बाहेरच्या ओल्या बोर्डामुळे तो रात्री पडतो आणि फ्रीज सकाळपर्यंत बंद राहतो. म्हणून फ्रीजचा आरसीसीबी वेगळा असावा. आणि त्या खटक्यावर कागद चिकटवावा : 'बंद करू नये'. झाडू मारणारी बाई, रात्री दुकान बंद करणारा पोऱ्या, सर्वांना दाखवून सांगावे.

जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग

हा विषय आमच्या कोकणचा आहे म्हणून थोडा लांबवतो. आमची जमीन जांभा दगडाची. पावसाळ्यात ती पाणी पिते, पण मार्चनंतर कोरडी ठणठणीत होते आणि कोरड्या जांभ्यातून वीज जमिनीत नीट उतरत नाही. घर बांधताना अर्थिंगसाठी फूट-दीड फूट खणून सळई ठोकलेली असते आणि मालक निर्धास्त असतो. फ्रीजच्या पत्र्यात कधी वीज उतरली तर ती त्या सळईतून न जाता पत्र्याला हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते. प्रयोगशाळेत तर हात ओले असतात आणि जमीनही.

आमच्या वायरमनने मागच्या अंगणात खोल खड्डा काढून घेतला. सुमारे अडीच मीटरचा जी.आय. पाइप उभा करून भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले, वर पाणी ओतायला नरसाळे ठेवले. मीठ पाइपाला खाते, म्हणून दर काही वर्षांनी तो पाहावा लागतो. हल्ली मिठाऐवजी तयार भुकटी मिळते, ती महाग पण टिकाऊ आहे असे तो म्हणाला. खडक फारच लागला तर एकाऐवजी दोन खड्डे करून जोडतात.

तपासायचे कसे? फेज आणि न्यूट्रलमध्ये जेवढे व्होल्ट तेवढेच जवळजवळ फेज आणि अर्थमध्ये दिसावेत, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नसावेत. परंतु येथे मल्टिमीटर फसवतो. तो इतका थोडा करंट घेतो की नावापुरत्या अर्थिंगवरही २३० दाखवतो. खरी परीक्षा अर्थ टेस्टर नावाच्या यंत्राने होते, परवानाधारक कंत्राटदाराकडे ते असते. जुने वायरमन शंभर वॅटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावून तो पूर्ण पेटतो का पाहतात. ते काम त्यांचेच, आपण करू नये, आणि ते करीत असताना गाळ्यातील कोणत्याही यंत्राच्या पत्र्याला कोणी हात लावू नये.

यंत्र दारात आल्यावर

नवा फ्रीज आम्ही उभाच आणवला आणि टेम्पोवाल्याला शंभर रुपये वर दिले. दारात आल्यावर खोक्याला धक्का लागला आहे का ते पावतीवर सही करण्यापूर्वी पाहिले. मग यंत्र जागेवर उभे करून रात्रभर तसेच सोडले. कॉम्प्रेसरच्या तळाशी तेल असते. यंत्र आडवे झाले की ते नळ्यांत जाते. लगेच चालू केले तर कॉम्प्रेसर तेलाविना कोरडा फिरतो किंवा तेलच दाबायला जातो. उभे आले असेल तरी काही तास थांबावे, आडवे आले असेल तर पूर्ण चोवीस तास. त्या वेळात आतून कोमट पाणी आणि थोड्या खाण्याच्या सोड्याने पुसून कोरडे केले. फिनेल किंवा स्पिरिट वापरू नये.

दुसऱ्या दिवशी प्रथम स्टॅबिलायझर एकटाच चालू करून त्यातून बाहेर येणारे व्होल्टेज मोजले. मग फ्रीजची पिन लावली. कॉम्प्रेसरचा आवाज एकसारखा, हलकी घरघर. खणखण किंवा दर मिनिटाला 'टक' असा आवाज येऊन तो बंद पडत असेल तर लगेच खटका काढून कंपनीच्या माणसाला बोलवावे.

रिकामा फ्रीज चालवणे

येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. यंत्र चालू झाले, गार झाले, मग माल का भरू नये? प्रयोगशाळेच्या बहुतेक किटवर २ ते ८ अंश असे छापलेले असते. आपल्या हाताला १२ अंशही गार लागतात आणि शून्यही गारच लागते. मध्ये जे आहे ते हाताला कळत नाही.

आम्ही तीन थर्मामीटर घेतले, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान लक्षात ठेवणारे. एक वरच्या कप्प्यात मागे, एक मध्ये, एक तळाशी. प्रत्येकाची दांडी पाणी आणि ग्लिसरीन निम्मे-निम्मे भरलेल्या छोट्या बाटलीत बुडवली. असे का? दार उघडले की हवा क्षणात तापते, बाटलीतले किट तापत नाही. आपल्याला किटचे तापमान हवे, हवेचे नव्हे. पहिले चोवीस तास दार उघडलेच नाही. नंतर दुसरा दिवस कामाच्या दिवसासारखा दार उघड-बंद करून पाहिला. मध्यभागी ५ अंशांच्या आसपास यावे आणि कोणत्याही कोपऱ्यात २ च्या खाली किंवा ८ च्या वर जाऊ नये, हे उद्दिष्ट. आमचा मागचा वरचा कोपरा दीडवर गेला होता, म्हणून तेथे किटऐवजी पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, त्या अजून तेथेच आहेत.

घरगुती फ्रीजच्या चकतीवरचे १ ते ७ हे आकडे अंश नव्हेत. आकडा जितका मोठा तितकी थंडी जास्त. एका वेळी अर्धा आकडा फिरवून पूर्ण एक दिवस थांबावे. मे महिन्यात बसवलेली चकती जुलैत तशीच ठेवली तर माल गोठू शकतो, कारण बाहेरची हवा गार झालेली असते.

तिसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम खटका बंद केला. तळाशी पाण्याच्या बाटल्या भरून, दार बंद ठेवून, मधला थर्मामीटर ८ वर यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजले. जो वेळ आला तो दारावर चिकटवला. पावसात वीज गेली की भाचा घाबरत नाही, त्याला किती तास हातात आहेत ते ठाऊक असते. भोंगाही याच वेळी तपासला. त्याची बॅटरी वेगळी असते आणि नव्या यंत्रात ती कधी कधी जोडलेलीच नसते.

वीज बराच काळ जाणारच नाही असे कोकणात कोणी म्हणू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस अंधार होता. इन्व्हर्टरवर चालवायचे असेल तर साइन वेव्हचा आणि कॉम्प्रेसर सुरू होतानाचा भार झेपणारा हवा. स्वस्त चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर मोटर तापते. नाही तर बर्फाच्या पिशव्या आणि चांगला थंड डबा तयार ठेवावा. पिशवी फ्रीजरमधून काढून लगेच किटजवळ ठेवू नये, ती बाहेर घामेजून आत पाणी खुळखुळू लागले की मगच ठेवावी, नाही तर डब्यातच किट गोठते. लसीकरणाला जाणाऱ्या आरोग्य-सेविका हेच करतात. त्यांच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीच्या फ्रीजशेजारी तापमानाचा तक्ता असतो आणि त्यावर सकाळ-संध्याकाळ आकडा लिहिला जातो. आम्ही ती पद्धत त्यांच्याकडूनच उचलली. करोनाच्या सुरुवातीला, २०२० साली, आपल्या जिल्ह्यातील नमुने मिरजेला तपासणीसाठी जात, तेही असेच थंड डब्यातून.

माल भरताना

चौथ्या दिवशी निम्मे किट ठेवले, दुसऱ्या दिवशी बाकीचे. एकदम सर्व भरले तर यंत्र दिवसभर धापा टाकते. पंख्याची तोंडे झाकू नयेत, भिंतीला बाटली टेकवू नये. लॅटेक्स आणि विडालचे अँटिजेन मधल्या कप्प्यात. रोग्यांचे नमुने वेगळ्या, झाकणाच्या डब्यात आणि सर्वांत खाली, म्हणजे सांडले तर किटवर सांडणार नाही. ईथर, ॲसिटोन यांसारखे पेट घेणारे द्रव साध्या फ्रीजमध्ये कधीही ठेवू नयेत. त्यांची वाफ बंद पेटीत साचते आणि आतील दिव्याची किंवा थर्मोस्टॅटची ठिणगी तिला पुरेशी होते. त्यासाठी आत ठिणगी न होणारे खास फ्रीज येतात.

आणि खाण्याची वस्तू नाही. आमच्या मोहल्ल्यात नवा मोठा फ्रीज आल्याची बातमी लगेच पसरली, आणि पहिल्याच बकरी ईदला दोन घरांतून गोश्त ठेवायला डबे आले. भाचा संकोचला, नाही कसे म्हणावे! शेवटी आम्ही दोघांना आत नेऊन खालच्या कप्प्यातले नमुने दाखवले, त्यांनी डबे मुकाट्याने उचलले. त्यांचे गोश्त त्या दिवशी आमच्या घरच्या फ्रीजमध्ये राहिले.

आता वहीत रोज दोन ओळी पडतात : तारीख, वेळ, किमान, कमाल, सही. रविवारी प्रयोगशाळा बंद असते, तेव्हा सही आमची. सकाळचे पहिले काम दोन्ही कंट्रोल लावणे, रोगी समोर बसलेला असला तरी. मागल्या अंगणातील नरसाळ्यात मार्चपासून पाऊस लागेपर्यंत दर शुक्रवारी दोन बादल्या पाणी जाते.